गणपत शिपायाचं इन्स्टाग्राम खातं: पहिला टप्पा

‘माणूस’मधल्या गणपतचं खातं उभं राहिलं. प्रभातचा हा १९३९चा चित्रपट, पुण्यातच घडलेला. शाहू मोडकांचा गणपत हा गस्तीवरचा साधा पोलीस शिपाई, म्हणून नियम ठरवला: गणपतला दिसेल तेच खात्यावर दिसेल. तो स्वतः फक्त प्रोफाइल फोटोत. बाकी रस्ता, दिवा, चहा, नायिका मैना. पात्राचं खातं आणि चित्रपटाचं खातं यांत फरक पडतो तो इथेच.

नाव गणपतचं, पण जन्मतारीख चालवणाऱ्याची खरी द्या. पडताळणी आली की कागदाशी जुळावी लागते, नाहीतर खातं हातचं जातं. बायोला १५० अक्षरं मिळतात. ‘काल्पनिक पात्र, रसिकांनी चालवलेलं खातं’ हे आधी लिहा. फेसबुकवर मात्र वैयक्तिक प्रोफाइल नको, तिथे ते खऱ्या माणसाचंच चालतं. पेज काढा.

खरा वेळ चित्रपटातल्या फ्रेम्स खातात. त्या काळची चौकट १.३७:१. ती इन्स्टाग्रामच्या उभ्या ४:५मध्ये भरली की रुंदीचा सुमारे ४२ टक्के भाग उडतो आणि दोघांच्या दृश्यातला एकजण बाहेर जातो. त्यापेक्षा १०८० × १३५० ची काळी पाटी घ्या, तीवर चित्र १०८० × ७८८ ठेवा. वर-खाली २८१ पिक्सेल उरतात. प्रोफाइल फोटो गोलात कापला जातो, तेव्हा टोपीच्या वर मोकळी जागा राखा.

फ्रेम्सच्या मधल्या पोस्टसाठी पुण्यातल्या कसबा, शनिवार पेठेतले फोटो पहाटेच घ्या. केबलच्या तारा पुसत बसण्यापेक्षा कॅमेरा खाली धरा: दगडी जोतं, दाराची कडी. कृष्णधवल करताना कॉन्ट्रास्ट चढवू नका. जुन्या प्रतीतला काळा राखाडीकडे झुकतो. त्याशेजारी कुळकुळीत काळा लगेच खटकतो.

मजकुरात १९६२च्या लेखननियमांपूर्वीचं, जादा अनुस्वारांचं लेखन छान बसतं: ‘नाहीं’, ‘आतां’. हॅशटॅग आजच्या लेखनात, नाहीतर शोधात सापडत नाहीत.

हक्कांचं: चित्रपटाच्या कॉपीराइटची ६० वर्षांची मुदत १९९९अखेर संपली. गाण्यांचं तसं नाही. संगीतकार मास्टर कृष्णराव १९७४ साली गेले, म्हणजे चालींवरचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं, २०३४अखेरपर्यंत. रीलला गाणं लावू नका. बुटांचा, शिट्टीचा आवाज स्वतः ध्वनिमुद्रित करा.