स्लॅबचं ऊन वरच अडवा

वरच्या मजल्यावरची खोली भर दुपारपेक्षा संध्याकाळनंतर जास्त तापते. दिवसभर प्यायलेलं ऊन स्लॅब चार-पाच तासांनी खाली सोडू लागतो. यावर खालून थर्माकोल लावून फॉल्स सीलिंग करायचा सल्ला हमखास मिळतो. खोलीला थोडा आराम पडतो, पण स्लॅब भाजतच राहतो. दिवसा फुगतो, रात्री आकसतो, कठड्याच्या बुडाशी चीर पडते आणि पाऊस आला की गळती.

उष्णता अडवणारा थर वरूनच द्यायचा. ५० मिमीचा एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलच्याच जातीचा, पण घट्ट फोमचा) जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला नुसतं काँक्रीट सुमारे अडीच मीटर जाड लागेल. स्लॅबची जाडी वाढवून काय होणार?

आधी किमान १:१०० उतार, मग चिरा भरून वॉटरप्रूफिंग. ते कठड्यावर तयार पातळीच्या वर किमान १५० मिमी चढवायचं. घोळ नेमका इथे होतो: माप स्लॅबपासून घेतात. वर १०० मिमीचे थर आले की १५० चे ५० उरतात, आणि पाणी तिथूनच शिरतं. नंतर गच्चीत ४८ तास पाणी भरून ठेवा. खाली ओल दिसली तर पुढचं काम थांबवा. त्यानंतर बोर्ड, विटांसारखे सांधे मोडून, एकमेकांना घट्ट भिडवून. सॉल्व्हंटवालं डांबर किंवा गोंद वापरला तर बोर्ड विरघळतो. त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड), मग जाळी घालून ५० मिमी काँक्रीट, साधारण तीन-तीन मीटरवर सांधा सोडून. हे वजन टाळता येत नाही. उघडा बोर्ड उन्हाने भुसभुशीत होतो, वाऱ्याने उडतो.

वजन मात्र चौरस मीटरला सुमारे १२० किलो भरतं. स्लॅब जुना असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. जुना कोबा काढल्यावर कधीकधी तेवढी जागा होते.

तेही जमत नसेल तर पांढरा परावर्तक रंग. नवा असताना तो ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परतवतो, पण धूळ बसली की गुण घटतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर गच्ची धुवायचीच. ओल्या स्लॅबवर मारलात तर फोड येऊन पोपडे निघतील. चंदेरी ॲल्युमिनियम पेंटच्या नादी लागू नका: तो ऊन परतवतो खरा, पण शोषलेली उष्णता आकाशाकडे नीट सोडत नाही, त्यामुळे पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो.