अभ्यासक्रम बदलला, प्रयोगशाळेचे काय?

महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांमध्ये तंत्रशिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमाची २०१७-१८ पासून ‘आय’ आणि २०२३-२४ पासून ‘के’ ही नवी योजना लागू झाली. त्यामुळे पदविकेचा अभ्यासक्रम कालबाह्य असल्याची तक्रार निदान कागदावर तरी पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. मात्र यंत्र अभियांत्रिकी शिकवताना सतत जाणवते ते असे की, विद्यार्थ्याच्या पदरात प्रत्यक्षात काय पडणार हे मंडळाच्या पुस्तिकेपेक्षा प्रयोगशाळेतील यंत्रे आणि प्रश्नपत्रिका यांवरूनच अधिक ठरते.

इंजिनासाठी हवा आणि पेट्रोलचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरचेच उदाहरण घेऊ. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरावरील बीएस-६ निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींमध्ये कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. तरीही तो उघडून, जेट (इंधनाची बारीक छिद्रे) साफ करून पुन्हा जोडण्याचे प्रात्यक्षिक ठिकठिकाणी चालू आहे, कारण तो कपाटात आहे, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ साहित्याच्या नोंदवहीत) त्याची नोंद आहे, शिकवणाऱ्याला तो पाठ आहे आणि त्याच्या आकृतीला हमखास गुण मिळतात. जुन्या साहित्याच्या निर्लेखनाची, म्हणजे ते नोंदीतून काढून टाकण्याची, आणि नव्याच्या खरेदीची फाईल ज्याने एकदा तरी फिरवली आहे, त्याला यात आश्चर्य वाटणार नाही.

आता विजेवर चालणारी मोटार पाहा. तिच्या बॅटरीचा दाब सामान्यतः तीनशे व्होल्टच्या पुढे असतो, त्यामुळे सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्तीला हात घालण्याआधी ती ‘मृत’, म्हणजे वीजदाब उरलेला नसलेली, असल्याची खात्री करावी लागते. इन्सुलेटेड हातमोजे घालून बॅटरीचा जोड तोडणारा सर्व्हिस डिस्कनेक्ट काढायचा, मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमधील भार उतरेपर्यंत थांबायचे, मीटर आधी माहीत असलेल्या पुरवठ्यावर तपासून पाहायचा, मग टर्मिनलवर शून्य वाचन घ्यायचे आणि शेवटी तोच मीटर पुन्हा चालू पुरवठ्यावर लावून तो बिघडलेला नव्हता याची खातरजमा करायची. हा क्रम हाताच्या सवयीचा आहे आणि तो कमी दाबाच्या साध्या बॅटऱ्यांवरही बसवून घेता येतो. मात्र प्रश्नपत्रिकेत ‘विद्युत वाहनाची ब्लॉक आकृती काढा’ एवढेच विचारले जाणार असेल, तर विद्यार्थी आकृती घोटतो, आणि त्याबद्दल त्याला बोल लावता येत नाही.

नवे आणायचे म्हणजे जुने सगळे मोडीत काढायचे, हा आग्रहही मला मान्य नाही. पहिल्या वर्षीच्या फिटिंग शॉपची चेष्टा करण्याची फॅशन आहे. माइल्ड स्टीलचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणताना आणि व्हर्निअरने मापताना दशांश मिलिमीटर म्हणजे किती, हे हाताला कळते. सीएनसीवर (संगणक-नियंत्रित यंत्रावर) टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाची दुरुस्ती, देणाऱ्याला त्याचीच गरज असते. मी कार्ब्युरेटर काढीन, कानस ठेवीन. अभ्यासक्रम समितीत नवा विषय घालण्यास सहसा कोणी विरोध करत नाही, पण एखादा वगळायचा म्हटले की त्या विषयाच्या अध्यापकांच्या कार्यभाराचा प्रश्न उभा राहतो आणि चर्चा तिथेच अडते.

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा, आणि १९७३ च्या दुरुस्तीने पदविकाधारकही त्याच्या कक्षेत आले. म्हणजे विद्यार्थ्याला कारखान्यात पाठवण्याची वाट जुनी आहे, पण शिक्षकासाठी तशी रुळलेली वाट नाही. सुटीतल्या आठवडाभराच्या कार्यशाळेत स्लाइड्स पाहून पीएलसीचा (यंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाचा) लॅडर, म्हणजे त्याचा आकृतीरूप प्रोग्राम, वाचता येईल, पण चालू लाइनवर कोणता सेन्सर दगा देतो आहे हे शोधता येणार नाही. त्यासाठी शिक्षकाला एक सत्र चाकण-भोसरीच्या एखाद्या देखभाल विभागात पाळीने काम करावे लागेल, आणि त्या काळात त्याचे वर्ग सांभाळणाऱ्या तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे मानधन वेळेवर देण्याची तरतूद आधी करावी लागेल. नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनापेक्षा हा खर्च कमी आहे, फक्त त्याची कोनशिला बसवता येत नाही.