पाणी वर कसं चढवलं?

इटलीतल्या उंब्रिया प्रांतात बहुतेक जुन्या गावांत स्टेशन पायथ्याशी आणि गाव डोंगरावर. गावं वसली ती शत्रूपासून बचावासाठी. रूळ एकोणिसाव्या शतकात आले आणि ते सपाटीनंच गेले. त्यामुळे गाडीतून उतरलं की पाठीवर सॅक आणि समोर चढ. आईचे गुडघे दुखतात, म्हणून मला त्या चढाची काळजी. आईच्या डोक्यात मात्र भलतंच होतं. तिची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. ऑर्व्हिएतोच्या स्टेशनाबाहेर उभी राहून तिनं वरचा कडा न्याहाळला आणि म्हणाली, "अगं, एवढ्या उंचावर हे लोक पाणी कुठून आणत असतील?"

आमचा पुढचा प्रवास या प्रश्नाच्या मागेमागेच झाला.

स्टेशनासमोरच फ्युनिक्युलर आहे, म्हणजे दोराला बांधलेल्या दोन डब्यांची चढावरची गाडी. १८८८ साली ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची. वरच्या डब्यात पाणी भरायचं, तो जड होऊन खाली येऊ लागला की दोराच्या दुसऱ्या टोकाचा डबा आपोआप वर. १९९० पासून ती विजेवर चालते. हे वाचून आई खूश झाली. तिचं खरं उत्तर मात्र वरच्या थांब्याजवळच होतं, सान पात्रिझ्योच्या विहिरीत.

१५२७ मध्ये रोमची लूट झाली, तेव्हा पोप सातवा क्लेमेंट ऑर्व्हिएतोत आश्रयाला आला. वेढा पडला तर शहर तहानेनं मरेल, म्हणून त्यानं ही विहीर खोदायला लावली. आराखडा अंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुकाराचा. काम १५३७ मध्ये पुरं झालं, तोवर क्लेमेंट हयात नव्हता. खोली सुमारे ५३ मीटर, पायऱ्या २४८. विहिरीभोवती दोन गोल जिने एकमेकांत गुंफलेत, पण ते कुठेच एकमेकांना मिळत नाहीत. पाणी वाहणारी खेचरं एका जिन्यानं खाली जायची, तळाशी छोटा पूल ओलांडायची आणि दुसऱ्या जिन्यानं वर यायची. येणारं आणि जाणारं जनावर समोरासमोर यायचा प्रश्नच नाही.

पायऱ्या रुंद आणि बुटक्या. खेचरांसाठी केलेल्या, म्हणून आईच्या गुडघ्यांनाही सोसल्या. विहिरीच्या पोकळीकडे उघडणाऱ्या खिडक्यांतून उजेड येतो. ती जवळजवळ प्रत्येक खिडकीशी थांबली. वरचा खडक ज्वालामुखीचा, सच्छिद्र. त्यातून पाणी झिरपतं आणि खाली चिकणमातीच्या थरावर अडतं, हे तिनं मला भिंतीला हात लावत समजावलं. लहानपणी तिच्या कामातलं मी फारसं काही विचारलं नव्हतं. त्या जिन्यात मी विचारत राहिले आणि ती सांगत राहिली.

ऑर्व्हिएतोचं कॅथेड्रल पाहिलं, आतली सिन्योरेल्ली या चित्रकाराची भित्तिचित्रंही पाहिली. ती थोर आहेतच, पण त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

पुढे तेरोंतोलाला गाडी बदलून पेरूजा. या मार्गावर रिजनल, म्हणजे प्रांतातल्या साध्या गाड्याच घ्या. भाडं ठरलेलं असतं, आधी काढलं काय नि ऐन वेळी काढलं काय. कागदी तिकीट मात्र गाडीत चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यायलाच हवा. आणि तेरोंतोलानंतर उजवीकडची खिडकी पकडा, त्राझिमेनो तळं त्या बाजूला दिसतं.

पेरूजात स्टेशनपासून वर जायला मिनिमेत्रो आहे, ड्रायव्हर नसलेले छोटे डबे. चौकात फोंताना माज्जोरे, १२७८ चं कारंजं. निकोला आणि जोव्हान्नी पिसानो या बापलेकांनी त्यावर बारा महिन्यांची कामं कोरलीत. मी ती बघत होते आणि आई म्हणत होती, "सोर्स वरच्या अंगाला असणार, त्याशिवाय हेड मिळणार नाही." हेड म्हणजे उंचीमुळे पाण्याला मिळणारा दाब. तसंच निघालं. पाणी मोंते पाच्चानो या डोंगरावरून यायचं. बंद नळातून दरीत उतरून ते स्वतःच्याच दाबानं पुन्हा शहरात चढायचं, तेराव्या शतकात, पंपाशिवाय! त्या जुन्या जलवाहिनीचा काही भाग आज घरांच्या मधून जाणारी अरुंद पायवाट झालाय. तिच्यावरून आम्ही संध्याकाळी चालत गेलो. पेरूजातली माझी सगळ्यात आवडती जागा हीच.

आसिसीत बसनं वर गेलो. १९९७ च्या भूकंपात तिथल्या बॅसिलिकाचं, म्हणजे मोठ्या चर्चचं, छत कोसळून चार माणसं गेली. नंतर छतावरच्या चित्रांचे तुकडे एकेक जुळवून परत बसवले. आई छताखाली बराच वेळ मान वर करून उभी होती, काही बोलली नाही.

स्पेल्लोला स्टेशनवरून गावात चालतच जाता येतं. गावापासून कोलेपिनो या खेड्यापर्यंत रोमन जलवाहिनीच्या कडेनं, ऑलिव्हच्या बागांतून पाचेक किलोमीटरची वाट आहे. पाण्याला हळूवार उतार लागतो, म्हणून वाटही हळूवार. कुठे धाप नाही, कुठे पायऱ्या नाहीत. आई पुढे आणि मी मागे. भिंतीतला जुना पाट दिसला की ती थांबायची, बोटांनी रुंदी मोजायची, उतार किती असेल याचा अंदाज करायची आणि पुढे निघायची. आईवडिलांना घेऊन जाणार असाल, तर बाकी काही गाळा, ही वाट गाळू नका. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा, सावली कमी आहे.

स्पेल्लोहून फोलिन्यो पुढचंच स्टेशन, तिथून रोमच्या गाड्या स्पोलेतोवरून जातात. स्पोलेतोत दरीवर जलवाहिनीचा ऐंशीएक मीटर उंच पूल आहे. गाडी फलाटाला लागायच्या आधीच आईनं ठरवून टाकलं होतं की आपण तिथे उतरायचं.