मान तिरपी केली की

भाचा नागपूरहून आला की काही ना काही विसरूनच जातो. मागच्या खेपेला चार्जर, या खेपेला गॉगल. साधासुधा नाही, पोलराइज्ड. फोनवर म्हणाला, "वापरा ना मामा तोवर." आमच्याकडे गॉगल घालतो तो एक तर नवरदेव, नाही तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला. त्यातून पावसाळ्याचे दिवस. तरी उघाड पडली तशी दुपारी चारच्या सुमारास गॉगल खिशात टाकून मामा तलावाच्या, म्हणजे गावच्या जुन्या माजी मालगुजारी तलावाच्या, पाळीवर गेलो आणि आजूबाजूला कोणी नाही असं पाहून डोळ्यांवर चढवला.

तलाव नुसता चकाकत होता. गॉगल लावताच ती चकाकी गेली आणि पाळीजवळच्या निवळ पाण्याचा तळ वर आला. कमळाचे देठ, बोटभर मासोळ्यांचा घोळका आणि कोणाची तरी एकाच पायाची निळी स्लिपर, पट्टा तुटलेली, टाचेशी झिजलेली. मान खांद्याकडे तिरपी केली की चमक परत आणि स्लिपर गायब. मान सरळ, स्लिपर हजर. हा खेळ मी बराच वेळ खेळलो असणार, कारण डोंगा काठाला लावत ढिवरभाऊंनी विचारलं, "का जी गुरुजी, मान अखडली का?"

त्यांनाही गॉगल दिला. त्यांनी लावला, पाण्यात पाहिलं, परत दिला. "मासा दिसून का करू जी? जाळं का पाहून टाकतो का मी?"

शाळेत प्रकाशाचा धडा मी कितीदा शिकवला, पण त्यातली ही गंमत पाळीवरच कळायची होती. उन्हातला उजेड सगळ्या दिशांनी थरथरत येतो. सपाट पाण्यावर आपटून तिरपा परतला की त्याची थरथर बहुतेक आडवी उरते, आणि ही काच फक्त उभी थरथर आत सोडते. खिडकीच्या उभ्या गजांतून उभी काठी जाते, आडवी अडते, तसंच. मान तिरपी केली की गजच तिरपे होतात. पाण्यावर सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंश वर असला की ही चमक जवळजवळ पूर्ण आडवी असते. म्हणजे या दिवसांत सकाळी साडेआठ-नऊ आणि दुपारचे चार. ऐन बारा वाजता, ऊन डोक्यावर असताना, ही करामत बरीच ढिली पडते. पावसानंतर डांबरी रस्ता ओला असेल आणि मोटरसायकल मावळतीकडे चालली असेल, तर मात्र हा गॉगल पैसे वसूल करतो. टिनाच्या पत्र्यावर किंवा पाण्याच्या घासलेल्या गुंडावर त्याचं फारसं चालत नाही, धातूवरची चमक वेगळ्या जातीची. आणि रात्री काळा गॉगल घालून गाडी हाणणाऱ्या पोरांना काय सांगावं? त्यांना काहीच दिसत नसतं, ती फक्त आपण दिसावं म्हणून निघालेली असतात.

या काचेचा उगमही मोठा ऐटबाज नाही. इंग्लंडात ब्रिस्टलला हेरापाथ नावाचे एक डॉक्टर होते. कुत्र्याला क्विनाइन चारलेलं, त्याच्या मुतात त्यांच्या विद्यार्थ्यानं आयोडीन टाकलं आणि हिरवे चमकदार स्फटिक तयार झाले. सूक्ष्मदर्शकाखाली एकावर एक आडवे-उभे पडलेले स्फटिक काळेठिक्कर दिसत होते, म्हणजे एकातून आलेली थरथर दुसरा अडवत होता. हे १८५२ सालचं. पुढं अमेरिकेत एडविन लँडनं १९२९ साली तेच बारीक स्फटिक एका दिशेनं रांगेत बसवून त्यांची पातळ फिल्म बनवली. आता ताणलेलं प्लास्टिक आलं, आयोडीन तेवढं टिकून आहे. भाच्याला हे फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "मामा, मी तो गॉगल आता घालू का नको?"

घरी आमच्याकडे गॉगल दोनच वाटांनी आला. एक मंडईतून, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेतून. दिवाळीनंतर मंडई भरली की लाल पन्नीचा पुठ्ठ्याचा गॉगल घ्यायचा, रात्रभर दंडार, म्हणजे गावातलं नाचगाण्याचं नाटक, लाल बघायची आणि सकाळी त्याची एक काडी मोडलेली असायची.

दुसरा आजीचा. तालुक्याच्या शिबिरातून डोळ्याला हिरवी पट्टी बांधून आली. पट्टी सुटल्यावर काळा गॉगल मिळाला, बाजूनं झापडं असलेला. तो घालून ती चुलीपुढे भाकरी थापायची. आम्ही भावंडं तो मागायला लायनीत. "माह्या डोळ्याचं औषध आहे थे, खेळणं नाही," म्हणायची आणि रात्री उशाशी गाठोड्यात बांधून ठेवायची. तिचा सारा जन्म बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी करण्यात गेलेला. घोटाभर पाण्यात वाकून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. वरून ऊन आणि समोरच्या पाण्यातून पुन्हा तेच ऊन. डोक्यावरचा पदर वरचं ऊन अडवतो, खालच्याचं काय? उन्हातले अतिनील किरण वर्षानुवर्षं डोळ्यात जाणं हे मोतीबिंदूच्या कारणांपैकी एक मानतात. बुबुळावर मांस चढतं त्यातही त्यांचा हात असतो.

आणि चमक अडवणारी काच अतिनील अडवेलच असं नाही, ती वेगळी गोष्ट. त्यासाठी यूव्ही ४०० लिहिलेलं बघावं लागतं. नुसती काळी काच तर उलट घात करते, अंधार समजून बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. आठवडी बाजारात दोरीला टांगलेल्या गॉगलवर स्टिकर कसलेही असतात. दुकानदाराकडे एक कार्ड असतं, पोलराइज्ड काचेतून पाहिलं की त्यात लपलेलं चित्र दिसतं. ते चित्र दाखवून तो गॉगल विकतो. अतिनीलचं चित्र कुठून दाखवणार?

परतताना पाळीखालच्या बांधीत रोवणी चालू होती. ओळीनं वाकलेल्या बायका, हातात धानाचे परे, आणि पूर्ण बांधी चमकत होती. गॉगल लावला तर पाण्याखालचा चिखल दिसला आणि त्यात रुतलेले पाय. काढला तर नुसती चमक, जी त्या सकाळपासून बघत होत्या. ओळखीच्या काकू पाठ सरळ करायला उभ्या राहिल्या, त्यांना म्हटलं, "काकू, हा घालून बघता का?"

त्यांनी चिखलाचे हात दाखवले. मग म्हणाल्या, "गॉगल घालून रोवणी? लोकं हासतीन ना जी."

हासतील, हेही खरं.