वाचून फाडून टाकणे

दुपारी जेवणानंतर डोळा लागू नये म्हणून डिलेनसाहेबांचा पत्रव्यवहार उघडला आणि झोप पार उडाली. जॉन थॅडियस डिलेन, लंडनच्या 'टाइम्स'चा संपादक. १८४१ साली खुर्चीत बसला तेव्हा वय २३. त्या वयात आम्ही चपला घ्यायच्या तरी वडिलांना विचारत होतो. हा गडी पुढं ३६ वर्षं हलला नाही. संध्याकाळी बड्यांच्या पंगतीला जेवायचं, मग छापखाना गाठून पहाटेपर्यंत अंक काढायचा. पामर्स्टनसारखे पंतप्रधान त्याला पत्रं लिहीत. त्याच्या पश्चात, १९०८ साली, भाच्यानं त्यातली कितीतरी दोन खंडांत छापून मोकळी केली.

खासगी म्हणून लिहिलेलंच माणसं जपून ठेवतात, हे मला आजीमुळे ठाऊक आहे. तिच्या स्वयंपाकघरात दारामागे पत्रांची तार होती. 'सर्व खुशाल'वाली कार्डं बंब पेटवायला जायची. मावशीच्या आंतर्देशीय पत्राखाली मात्र हटकून असायचं, 'वाचून फाडून टाकणे'. आजी ते दोनदा वाचायची, डोळे टिपायची आणि खस्सकन तारेत ओवायची. एकदा तार नेमकी 'फाडून'मधल्या 'फा'तून आरपार गेलेली. आम्हा पोरांना काय चोरून वाचायचं, ते शोधावंच लागायचं नाही.

डिलेनची सगळ्यात गाजलेली बातमी मात्र तोंडी आलेली. डिसेंबर १८४५. परदेशी धान्यावरची जकात उठवायचं पंतप्रधान पील यांच्या सरकारात घाटत होतं. परराष्ट्रमंत्री ॲबर्डीन यांनी ते डिलेनच्या कानावर घातलं, आणि ४ तारखेच्या 'टाइम्स'मध्ये ते झळकलं. एकच गदारोळ! (नऊ वर्षांनी हेच ॲबर्डीन पंतप्रधान असताना याच 'टाइम्स'नं क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांचे हाल छापून त्यांचं सरकार खिळखिळं केलं. १८५५च्या जानेवारीत ते पडलंच. संपादकाशी दोस्ती, आणखी काय.)

पण बातमी फोडली कुणी? गावगप्पांनी नाव घेतलं कॅरोलाइन नॉर्टन यांचं. कविता लिहिणारी, देखणी, नवऱ्यानं आधीच कोर्टात बदनाम केलेली बाई. म्हणे तिनं एका तरुण मंत्र्याकडून गुपित काढलं आणि डिलेनला विकलं. पुरावा शून्य. खरं तर बोट ॲबर्डीन यांच्याकडे वळायला हवं होतं. बाई १८७७ साली वारल्या. त्यानंतरही लोक हा किस्सा रंगवून सांगतच होते.