दुखत नव्हतं म्हणून...

मे अखेरीची आगोट, म्हणजे पावसाआधीची आवराआवर आणि बेगमी. लाकडं पडवीत रचायची, गवत हलवायचं, जांभ्याचे चिरे सरकवायचे, आणि विंचू नेमका तिथेच. देवगडच्या बाजूला आरोग्य केंद्रात असताना एका संध्याकाळी एकाच घरातले दोघे आले: मामा आणि सुट्टीला आजोळी आलेला आठ वर्षांचा भाचा.

मामा कळांनी तळमळत होता. "हात तोडा, पण ह्या थांबवा!" त्याला चावलेला मोठा काळा विंचू त्यांनी डब्यात घालून आणला होता. भाच्याला चावला होता तो बारका, तांबडा. पोर आजीच्या मांडीवर गप्प पडून होतं.

आजी म्हणाली, "डॉक्टरानू, पोराक काय दुखना नाय. आधी माझ्या झिलाक बघा."

मी पोराच्या पायाला हात लावला. पाय गार. शर्ट घामाने पिळून काढावा असा, तोंडातून लाळ, आणि वाटेत दोनदा उलटी झालेली. मामाला बोटात भूल देणारं इंजेक्शन द्यायला सिस्टरना सांगितलं आणि पोराला आत घेतलं.

तांबड्या विंचवाचं विष अंगात भिनलं की रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसात पाणी भरू शकतं. अशा वेळी दंशाची जागा फारशी दुखतही नाही. उलट नुसतीच जीवघेणी कळ, बाकी घाम-उलटी काही नाही, तर विष बहुधा अंगभर पसरलेलं नसतं. म्हणून मी आशाताईंना सांगते, किती दुखतंय एवढंच विचारू नका, हातपाय चाचपा. गार लागले तर मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका.

आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची गोळी दिली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी या गोळीचा उपयोग १९८६ साली 'लान्सेट'मध्ये मांडला. त्याआधी अशा गंभीर रुग्णांतले शंभरात तीसेक दगावत. माझ्यासारख्या कोकणातल्या डॉक्टरवर त्यांचे केवढे उपकार आहेत! जोडीला विंचूविषावरची लसही दिली, १०८ची गाडी दारात उभी ठेवली आणि दर तीन तासांनी पुढची गोळी देत राहिले. मामा केव्हाच झोपी गेला होता.

पहाटे पोराचे पाय कोमट झाले. थोड्या वेळाने त्याने विंचू चावलेलं बोट धरून भोकाड पसरलं. आजी घाबरून धावत आली, "आता दुखाक लागला!"

"रडू दे, आजी," मी म्हटलं. "विष उतरताना दुखणं परत येतं. ह्याचीच वाट बघत होते मी."