पहिले बाळंतपण, आणि आई जानेवारीत

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, आणि ते जमत नसेल तर निदान आईने तरी लेकीपाशी असावे, हा आपल्याकडचा रिवाज मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही गेले काही महिने भिशीत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, एवढेच नव्हे तर किराणा दुकानातसुद्धा मला एकच प्रश्न विचारला जात आहे: लेकीचे दिवस नोव्हेंबरात भरतात, मग तुम्ही जर्मनीत, स्टुटगार्टला, जानेवारीत का जाता? त्यामागोमाग, आवाज थोडा खाली आणून, "विहीणबाई आधी जाणार म्हणे." आतापर्यंत मी "सोयीनं ठरवलंय" असे म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर खोटे नाही, पण पुरतेही नाही, आणि ते कोणाला पटल्याचे दिसले नाही. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सगळे लिहून काढते.

आधी हिशेब, कारण तो सोपा आहे. अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आयांना विमानतळावर बहुधा सहा महिने राहण्याची मुभा मिळते, आणि "चांगली सहा महिने राहून ये" असे मला सांगणाऱ्या बहुतेकजणी तिकडच्याच अनुभवावर बोलत असतात. जर्मनी हा शेंगेन, म्हणजे एकाच सामायिक व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांपैकी एक. तिथे भेटीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि त्यात पोचल्याचा दिवसही धरतात नि निघाल्याचाही. मध्ये आठवडाभर फ्रान्स किंवा ऑस्ट्रियाला जाऊन आले म्हणून दिवस वाचत नाहीत, कारण तेही शेंगेनच. पूर्वी हा हिशेब पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून होई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकात नोंद ठेवायला सुरुवात झाली, त्यामुळे "चार दिवस जास्त राहिलात तर कोण मोजतंय" हा सल्ला निदान मला तरी देऊ नये. मुदतवाढ मिळते ती गंभीर आजारपणासारख्या कारणांसाठी. नातवंडाला अजून पुरते मांडीवर घेतले नाही, हे कारण त्यात बसत नाही.

"मग तिलाच इकडे का आणली नाहीत?" हेही विचारून झाले आहे. छत्तिसाव्या आठवड्यानंतर विमान कंपन्या सहसा गरोदर बाईला घेत नाहीत, म्हणजे तिला बरेच आधी यावे लागले असते. तिचा तिथला आरोग्य विमा सांगली-मिरजेच्या इस्पितळाचे बिल भरणार नाही. आणि बाळ इथे जन्मले असते तर त्याचा पासपोर्ट, मग त्याचा व्हिसा, आणि तोवर बाप तिकडे नि बाळ इकडे. या मुद्द्यावर मला अधिक काही म्हणायचे नाही. तो आमच्या घरात पाच मिनिटांत निकालात निघाला होता.

खरा प्रश्न ते ९० दिवस कुठे खर्चायचे हा होता, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी फार पूर्वीपासून तयार होते. लेकीचे लग्न ठरले त्याच बैठकीत मी विहीणबाईंना हसत हसत सांगितले होते की बाकी सगळे मानपान तुमचे, पहिले बाळंतपण माझे. म्हणून बातमी कळल्यावर मी सांगलीतच बसून जे जे शोधता येईल ते शोधायला लागले. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, शुल्क ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, आमच्या खर्चाचे हमीपत्र जावयांनी तिथल्या कार्यालयातून करून पाठवायचे, रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांपुरत्याच नेता येतात, हे सगळे मी एका वहीत उतरवले. यजमानांना आधी या वहीचे हसू येत असे. पुढे कोणता कागद कुठे ठेवला हे तेच मला विचारू लागले. बेत असा होता की ऑक्टोबरच्या अखेरीस पोचायचे, तिसऱ्या भागाचे दिवस प्रसूतीच्या आधी घालवायचे नि उरलेले नंतर. पहिलटकरीण तारखेच्या पुढे जाऊ शकते, आणि तिकडचे डॉक्टर सगळे ठीक असेल तर एकेचाळीस आठवड्यांपर्यंत शांतपणे वाट पाहतात, त्यामुळे आधीचे काही दिवस नुसते वाट पाहण्यात जातील हे मी धरून चालले होते.

जूनमधल्या एका रविवारी मी कालनिर्णय फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून पेन्सिलीने केलेल्या खुणा तिला दाखवत होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आई, तू जानेवारीत ये." मला वाटले, आवाज तुटला. तिने तेच पुन्हा म्हटले आणि मग ऑफिसच्या बैठकीत मुद्दे मांडावेत तशी एकेक कारण सांगत गेली. बाळ झाल्यावर पहिला महिना जावई रजेवर असणार. तिथे पालकांना मिळणारा भत्ता दोघांनी एकाच वेळी घ्यायचा तर आता साधारणपणे एकच महिना घेता येतो, आणि तो त्यांनी तेव्हाच घ्यायचे ठरवले होते. हेबामे, म्हणजे तिथली शिकलेली सुईण, पहिले दहा दिवस रोज घरी येऊ शकते आणि पुढेही बारा आठवड्यांपर्यंत अधूनमधून येते; तिचे पैसे विमा भरतो. सासूबाई नोव्हेंबरात येऊ शकतात, नंतर त्यांना घरच्या कारणाने निघणे अवघड आहे. म्हणजे पहिले दोन महिने घर माणसांनी भरलेले. आणि मग जानेवारीत एकाएकी कोणी नाही. नवरा ऑफिसात, सकाळी आठपर्यंत उजाडत नाही, पाचच्या आत अंधार, तिसरा मजला, लिफ्ट नाही. "तेव्हा मला माणूस लागेल," ती म्हणाली.

यातले न कळण्यासारखे काहीच नव्हते. मी म्हटले, मग मी दोन्ही वेळा येते.

"नव्वद दिवस आहेत, आई."

"पंधरा दिवस तेव्हा आणि उरलेले नंतर. तिकिटाचे पैसे आम्ही बघू."

ती थोडा वेळ बोलली नाही. मग तिने जे म्हटले ते मी शब्दशः लिहिते, कारण त्यानंतर ते मी मनात इतक्या वेळा ऐकले आहे की त्यात चूक होणार नाही. "तू घाबरशील. मग मला तुझ्याकडे बघावं लागेल. त्या दिवशी मला फक्त माझ्याकडे बघायचंय."

यजमान शेजारी बसले होते. ते चष्मा शोधण्याच्या निमित्ताने आत गेले. मी विचारले, तुझ्या सासूबाई घाबरणार नाहीत का? ती म्हणाली, "घाबरतील ना. पण त्या घाबरल्या तर मला काही होणार नाही." मी "बरं" म्हटले, भाजी लागतेय असे सांगून फोन ठेवला. गॅसवर भाजी नव्हती.

मी घाबरट आहे का? ती बारावीत असताना तिचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. तिला आत नेताना मला भोवळ आली, आणि स्ट्रेचरवर पडलेल्या तिने परिचारिकेला सांगितले की आधी माझ्या आईला पाणी द्या. ही गोष्ट आमच्याकडे इतकी वर्षे विनोद म्हणून सांगितली जाते. मीही सांगत आले आहे. त्या रविवारपासून मला ती सांगवत नाही. उलट असेही वाटते की एका भोवळीवरून माणसाची किंमत करायची का? त्याच आईने पुढे दहा दिवस इस्पितळात खुर्चीवर बसून रात्री काढल्या, सासूबाईंचे शेवटचे दुखणे घरी काढले, यजमानांच्या हृदयात स्टेंट घातला तेव्हा सह्या केल्या. हे मी तिला बोलून दाखवलेले नाही, कारण बोलून दाखवले की ते हक्क मागितल्यासारखे होते. आणि मी हक्कच मागत होते, हेही खरे.

माझे बाळंतपण मिरजेला झाले. सातव्या महिन्यात मी माहेरी आले, आणि आईला प्रसूतीच्या खोलीत येऊ देण्याची तेव्हा पद्धतच नव्हती. ती बाहेर बाकावर बसून होती. कळा येत असताना मला दाराबाहेर तिचे रडणे ऐकू येत होते, आणि आपला आवाज तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी पदर तोंडात धरला होता. हे मी लेकीला कधी सांगितल्याचे आठवत नाही. जूनमधल्या त्या फोननंतर ते पहिल्यांदा नीट आठवले, आणि लेकीचे म्हणणे मला तिच्याहूनही आधीपासून ठाऊक होते असे वाटून गेले. पण लगेच दुसरे मन म्हणते, आई त्या बाकावर नसती तर? ती तिथे आहे, एवढ्यावरच तर मी ती रात्र काढली. मला ती हवी होती आणि तिचे रडणे नको होते. लेकीला असा पर्याय कोणी दिला असता तर तिनेही तोच घेतला असता की नाही, हे मी तिला विचारणार नाही.

विहीणबाईंचे काय, तर त्यांच्याबद्दल आवाज खाली आणून बोलण्यासारखे काही नाही. सगळे कळल्यावर त्यांनी आपण होऊन फोन केला. म्हणाल्या, "ताई, हा तुमचा मान आहे. तुम्ही म्हणालात तर मी मागे सरते, माझं काय ते मी बघीन." मी म्हटले, तिने ठरवले आहे तसेच होऊ द्या. हे मी मनापासून म्हटले की सुनेने बोलावले आणि लेकीने थांबवले ही नामुष्की त्यांच्या देखत कबूल करायची नव्हती म्हणून म्हटले, ते मला आजही सांगता येणार नाही. डिंकाच्या लाडवांचे प्रमाण मात्र मी त्यांना फोनवरच लिहून घ्यायला लावले.

त्या लाडवांवरून आठवले. पेटारा भरून साजूक तुपातले लाडू पाठवा, असे सांगणाऱ्यांना माझे नम्र उत्तर: युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, खवा, पेढे, चक्का, सगळे त्यात आले. म्हणून लाडू तिथेच करायचे. डिंक, सुंठ, खारकेची पूड इथून न्यायची आणि तूप म्हणून तिथल्या कोणत्याही मोठ्या दुकानात मिळणारे बुटरश्माल्त्स वापरायचे, ते कढवलेले लोणीच असते. हळिवाची तर गंमतच आहे. आपण बाळंतिणीला खीर नि लाडू करून घालतो तेच हळीव जर्मन माणसे खिडकीत ओल्या कापसावर पेरतात, त्याचे कोवळे हिरवे कोंब कात्रीने कापतात आणि लोणी लावलेल्या पावावर भुरभुरून खातात. मोड आणण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बिया तिथेच घ्यायच्या, पेरणीच्या पाकिटातल्या नाहीत, कारण पेरायच्या बियांवर कधीकधी औषध लावलेले असते. शेक-शेगडी आणि वावडिंग-ओव्याची धुरी हा विषय मात्र संपला. त्यांच्या राज्यात झोपण्याच्या प्रत्येक खोलीत धूर ओळखणारे यंत्र छताला असावेच लागते. धुरी घातली की ते किंचाळणार आणि शेजारी अग्निशमन दलाला बोलावणार. लेकीने तो लहानसा पांढरा डबा फोनवरून मला दाखवला. मी विचारले, तासभर त्याची बॅटरी काढून ठेवली तर? तिने उत्तर दिले नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. गुटीचा विषय मी अजून काढलेलाच नाही.

तर आता ठरले आहे ते असे. विहीणबाई नोव्हेंबरच्या आरंभी जातील. मी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईहून थेट फ्रँकफर्टला आणि तिथून रेल्वेने स्टुटगार्टला जाईन, एप्रिलपर्यंत राहीन. यजमान शेवटच्या महिन्यात येतील. त्यांच्या स्टेंटमुळे विम्याचा प्रश्न आहे, कारण आधीच्या आजाराचा खर्च बऱ्याच पॉलिसी भरत नाहीत, आणि कोणती भरते त्याची चौकशी चालू आहे. ज्या शेजारणी "तुम्ही फार समजूतदार आहात हो" असे म्हणतात त्यांना मी सांगू इच्छिते की मी समजूतदार नाही, मला फक्त पर्याय दिला गेला नाही. आणि ज्या "आजकालच्या मुली" असे म्हणून सुस्कारा सोडतात त्यांनी तो माझ्या दारात सोडू नये. माझ्या मुलीला आपल्याला कधी कोण हवे आहे ते सांगता येते, मला तिच्या वयात येत नव्हते. याचा मला अभिमान वाटतो, बहुतेक दिवशी.

व्हिसाच्या अर्जात प्रवासाची तारीख लिहावी लागते. तिथे जानेवारीच लिहिली आहे. तिकीट मात्र मी जास्तीचे पैसे भरून तारीख बदलता येईल असे घेतले. व्हिसाच जानेवारीपासून लागू होणार, तेव्हा नोव्हेंबरात या तिकिटाचा काडीचाही उपयोग नाही, हे यजमानांनी मला माझीच वही उघडून दाखवले. मी म्हटले, असू दे. लेकीला हे सांगितलेले नाही. आणि तुम्हीही, निदान तिचे दिवस भरेपर्यंत, सांगू नका.